गाढवाचं पुढे काय झालं?

काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वरला निघालेल्या एकनाथांना वाटेत वाळूत तडफडणारं गाढव दिसतं आणि ते कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओततात, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. बरोबरचे लोक हळहळतात, नाथ म्हणतात की माझा रामेश्वर इथेच पावला, गोष्ट संपते. लहानपणी मला यावर कुठलाही शहाणा प्रश्न पडला नव्हता. पडला होता असं सांगून उगाच भाव खाणार नाही. प्रश्न पडला सत्ताविसाव्या वर्षी, वाकडमधल्या एका प्राण्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर, रात्री पावणेएकला. गाढव पाणी प्यायलं, उठून उभं राहिलं, मग? दुसऱ्या दिवशी त्याला पाणी कुणी पाजलं? ते कुणाचं होतं? धन्याने कामाचं राहिलं नाही म्हणून सोडून दिलं होतं का?

नाथांशी माझं भांडण नाही. त्या गोष्टीचा विषय गाढव नाहीच, तो भक्तीचा आहे, आणि कीर्तनकाराने गाढवाला तिथेच वाळूत सोडून पुढच्या अभंगाकडे वळलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. माझं भांडण आमच्या जमातीशी आहे. आम्ही प्राणी वाचवण्यावर कथा लिहितो. आम्हाला प्रकाशक नसतो, संपादक नसतो, असतो तो फक्त लॅपटॉप आणि किंडल किंवा प्रतिलिपीवरचं खातं. आमच्या कथांचा विषय गाढवच आहे असं आम्ही मुखपृष्ठावर छापतो, आणि तरीही त्याला पाणी पाजून झालं की आम्हीही पुढच्या अभंगाकडे वळतो.

आधी कबुली देऊन टाकतो. माझ्या नावावर असं एक पुस्तक आहे. 'राणी' नावाचं. दोन वर्षांपूर्वी आधी भागांमध्ये टाकलं, मग ई-बुक केलं. मुखपृष्ठावर तीन पायांची कुत्री आहे, मागे सूर्य उगवतोय (का उगवतोय, देव जाणे), आणि खाली ओळ आहे: 'या पुस्तकाचं सर्व मानधन भटक्या प्राण्यांच्या उपचारासाठी.' कुणी मला या लेखानंतर ढोंगी म्हणणार असेल तर त्याने ते पुस्तक वाचून म्हणावं, म्हणजे निदान नेमकं म्हणता येईल.

खरी गोष्ट अशी. भूमकर चौकाच्या पुढे एका कुत्रीच्या मागच्या पायावरून टेम्पो गेला. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर राहायची ती. वॉचमन तिला नंतर 'लंगडी' म्हणायला लागले, त्याआधी तिला नाव नव्हतं. मी आणि शेजारच्या विंगमधली एक मुलगी तिला चादरीत गुंडाळून, तीन कॅबवाल्यांचे नकार ऐकून, चौथ्याला सहाशे रुपये देऊन दवाखान्यात घेऊन गेलो. पाय काढावा लागला. मग एका शेल्टरमध्ये जागा मिळाली. बाराव्या दिवशी तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून पू यायला लागला. पुढे जबडा आपोआप चघळल्यासारखा हलायला लागला आणि उरलेले तीन पाय झटके द्यायला लागले. डिस्टेंपर. ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या जबड्याचं वर्णन करावं लागत नाही. त्या विषाणूवर नेमकं औषध नाही, फक्त आधाराचे उपचार असतात. आधी लस दिलेली असेल तर कुत्रं वाचतं, आणि रस्त्यावरच्या कुत्रीला ती कोण देणार. डॉक्टरांनी विचारलं, झोपवायचं का. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ती मुलगी 'हो' म्हणाली, मी मान हलवली. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही हे मी पुढे खूप दिवस भावनाप्रधान असल्याचा पुरावा म्हणून वापरलं. खरं तर तो शब्द मी दुसऱ्याला उच्चारायला लावला होता.

पुस्तकात काय झालं? पुस्तकात ती 'राणी' झाली. डिस्टेंपर झालाच नाही. तिला निवृत्त शिक्षिका असलेल्या कुलकर्णीबाईंनी दत्तक घेतलं, ज्यांचा मुलगा अमेरिकेत आहे आणि बाल्कनीत तुळस आहे. शेवटच्या भागात राणी तीन पायांवर धावते आणि बाई कितीतरी वर्षांनी हसतात.

आमच्या धंद्यात, म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यात, 'हॅपी पाथ' नावाची एक गोष्ट असते. युजर बरोबर पासवर्ड टाकतो, नेट चालू असतं, बँकेचं सर्व्हर जागं असतं, पैसे जातात, हिरवी टिकमार्क येते. नवीन आलेली पोरं तेवढंच कोड लिहितात आणि झालं म्हणतात. दोन-चार वर्षं नोकरी केली की कळतं, हॅपी पाथ हा कामाचा सर्वांत छोटा तुकडा आहे. उरलेलं सगळं काम, आणि सगळा पगार, नेट गेल्यावर, पैसे कापले जाऊन पोचले नाहीत तर, युजरने दोनदा बटण दाबलं तर, यासाठी असतो. दिवसा आठ तास मी हेच करतो. पुनरावलोकनाला आलेल्या कोडमध्ये अपयशाची वाट लिहिलेली नसली तर परत पाठवतो. आणि रात्री घरी येऊन मी एका मेलेल्या कुत्रीचा हॅपी पाथ लिहिला, तिला सूर्योदय लावला.

'पण दादा, ते फिक्शन आहे ना?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. कल्पित लिहायला परवानगी लागत नाही, मान्य. मेलेलं कुत्रं कथेत जिवंत करणं हा गुन्हा असता तर निम्मं साहित्य तुरुंगात असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. मी ते तिच्यासाठी जिवंत केलं नाही, माझ्या वाचनसंख्येसाठी केलं. भागांमध्ये लिहिताना प्रत्येक भाग किती जणांनी वाचला ते दिसतं. पाय कापल्याच्या भागावर प्रचंड वाचक आले. पुढचा भाग मी शेल्टरवर लिहिला. तिथला लोखंडी पिंजऱ्यांचा आवाज, सांडलेल्या फिनाइलचा वास, एकाच माणसावर पडलेली साठेक कुत्री. वाचक निम्मे झाले. एक प्रतिक्रिया आली: 'प्लीज तिला काही होऊ देऊ नका, मी नाही वाचू शकणार.' मी दुसऱ्या दिवशी कुलकर्णीबाईंना जन्माला घातलं. प्रकाशक नसल्यामुळे लेखक स्वतंत्र होतो असं आपण म्हणतो. माझा तो भाग एका आकड्याने लिहिला.

वाचकाला दोष देणं सोपं आहे आणि मी देणार नाही. सिनेमात कुत्रं मरतं का हे आधी तपासून घेण्यासाठी एक अख्खी वेबसाइट आहे, 'डझ द डॉग डाय' नावाची, आणि मी स्वतः ती वापरतो. दिवसभर मीटिंगा झाल्यावर रात्री अकराला कुणाला कुत्र्याचा जबडा चघळताना बघायचाय? पण वाचकाला नको असणं आणि लेखकाने ते नसल्याची हमी देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी ढाल म्हणजे मुखपृष्ठावरची ती ओळ. सर्व मानधन उपचारासाठी. अकरा महिन्यांत त्या पुस्तकाचे 2,340 रुपये आले. पार्व्हो झालेल्या एका पिल्लाला चार दिवस सलाइन लावलं की तेवढे संपतात. संपले. पण त्या ओळीने जे कमावलं ते वेगळंच. त्या ओळीमुळे माझ्या पुस्तकाला एकही वाईट अभिप्राय आला नाही. कोण देईल? भाषा गुळगुळीत आहे, पात्रं पुठ्ठ्याची आहेत, असं लिहिणारा माणूस पिल्लाच्या सलाइनवर पाय देणारा ठरतो. दानपेटीला कुणी समीक्षा लिहीत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ही ओळ छापलीय, आणि मी सांगतो, ती खरी असली तरी काढून टाका. पैसे द्यायचेत तर गपचूप द्या. पुस्तक पुस्तक म्हणून मार खाऊ दे.

या सगळ्यात नवीन काही नाही. 1890 च्या सुमारास कॅनडात, ओंटारियोतल्या मीफर्ड गावी, एका कुत्र्याचे कान आणि शेपूट त्याच्या मालकाने कापून टाकले होते. गावातल्या एका कुटुंबाने त्याला वाचवलं. मार्शल सॉन्डर्स या लेखिकेला ही हकीगत कळली आणि तिने त्या कुत्र्याच्याच तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली, 'ब्यूटिफुल जो'. प्राणीदयेच्या एका अमेरिकन संस्थेच्या स्पर्धेसाठी लिहायची होती, म्हणून तिने कथा कॅनडातून उचलून अमेरिकेतल्या मेन राज्यात नेऊन ठेवली. पुस्तक 1893 साली आलं आणि पुढे त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. कान कापणारा खलनायक त्यात एक गलिच्छ दूधवाला आहे, वाचवणारं कुटुंब एका पाद्र्याचं. वाचवलेला जो चांगल्या घरात राहतो, घरच्यांच्या चांगुलपणाचं वर्णन करतो. आमच्या सगळ्यांच्या कथांचा साचा हाच: गलिच्छ गरीब मारतो, स्वच्छ सुशिक्षित वाचवतो, प्राणी आभार मानतो. गावसुद्धा स्पर्धेच्या सोयीने बदलायचं.

ज्या पुस्तकाच्या पावलावर पाऊल टाकून सॉन्डर्सने हे लिहिलं, ते मात्र वेगळं आहे. ॲना सूएल ही लहानपणी पाय दुखावल्यामुळे नीट चालू न शकणारी बाई. तिची एकमेव कादंबरी 'ब्लॅक ब्यूटी' 1877 साली आली आणि काही महिन्यांतच ती वारली. लहान मुलांचं घोड्याचं पुस्तक म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. मीही ठेवलं होतं. 'राणी'नंतर, लाज वाटायला लागल्यावर वाचलं. त्यात जिंजर नावाची घोडी आहे. ती वाचत नाही. भाड्याच्या गाडीला जुंपून जुंपून तिची हाडं वर येतात, आणि एक दिवस नायक घोड्याला एका गाडीतून नेलं जाणारं मेलेलं घोडं दिसतं. ती जिंजरच असावी असं त्याला वाटतं, आणि सुटली एकदाची, असंही वाटतं.

पण मला उडवलं ते दुसऱ्याच एका प्रकरणाने. लंडनच्या घोडागाडीवाल्यांमध्ये सॅम नावाचा एक गबाळा माणूस आहे. त्याची घोडी नेहमी दमलेली असतात, लोक त्याला नावं ठेवतात. एकदा तो फुटतो आणि हिशोब मांडतो. गाडी आणि दोन घोडी त्याची नाहीत, दिवसाला 18 शिलिंग भाडं मालकाला द्यावं लागतं. ते निघाल्यावर पुढचं जे मिळेल त्यात बायको-पोरं. मग घोडं दमलं म्हणून तो थांबणार कसा? थोड्याच दिवसांत सॅम मरतो. घोड्याच्या पुस्तकात गाडीवाला मरतो. घोड्यांची मान उंच बांधून ठेवणाऱ्या त्या फॅशनच्या लगामाविरुद्ध या पुस्तकाने रान उठवायला मदत केली ते सगळे सांगतात. सॅमचे 18 शिलिंग कुणी सांगत नाही. चाबूक कुणाच्या हातात आहे एवढ्यावर सूएल थांबली नाही, तो हात कुणी भाड्याने घेतलाय हेही तिने लिहिलं. आत्ता हप्त्यावर घेतलेली गाडी ॲपला जोडून चौदा तास चालवणाऱ्या, आणि रक्ताने माखलेली चादर बघून आम्हाला नकार देणाऱ्या त्या तीन कॅबवाल्यांना मी पुस्तकात काय म्हटलंय माहितीय? 'पाषाणहृदयी.' सीट कव्हर धुवायला किती लागतात ते मी कधी विचारलं नाही.

आणि आता वॉचमनकाका. इथे थोडं थांबावं लागेल.

'राणी'मध्ये एक खलनायक आहे. सोसायटीचा रखवालदार, काठी घेऊन कुत्र्यांच्या मागे धावणारा, पिवळे दात, दारूचा वास. दात आणि दारू मी घातली. काठी खरी होती. आमच्या गेटवरचे काका हिंगोली जिल्ह्यातले, बारा तासांची ड्यूटी, कधी कधी सलग दोन. काठी त्यांच्या हातात होती, पण हुकूम कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आला होता. गेटसमोर कुत्री दिसली तर एजन्सीला सांगून माणूस बदलू, असा. तो ग्रुप मला माहीत होता, कारण मी त्यात होतो. म्यूट करून.

पुस्तक आल्यानंतरच्या पावसाळ्यात काकांना कुत्रं चावलं. मी आणि इतर फीडर ज्या पाच-सहा कुत्र्यांना रोज रात्री खायला घालायचो त्यातलंच एक. आम्ही भात-चिकन ठेवायचो ती जागा पाऊस लागू नये म्हणून त्यांच्या केबिनच्या आडोशाला सरकवली होती. रात्री ते बाथरूमला उठले आणि खात्या कुत्र्याच्या अंगावर पाय पडला. चूक कुणाची हे तुम्हीच ठरवा. सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीचे दिवस लिहून दिले: 0, 3, 7, 28. पहिले दोन डोस झाले. सातव्या दिवशी बदली माणूस आला नाही, गेट सोडता येईना. ते नवव्या दिवशी गेले. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मी त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लोकांना ज्ञान पाजळत लिहिलं होतं. ज्या माणसाचा डोस चुकला तो माझ्या लिफ्टपासून चाळीस पावलांवर बसला होता. लंगडीसाठी रात्री पावणेएकला सहाशे रुपयांची कॅब करणारा मी, त्या दिवशी काकांना दोन तास गेटवर बसून सोडवू शकलो असतो. मला माहीतच नव्हतं. महिनाभराने सहज बोलताना कळलं.

"सांगायचं ना काका," मी म्हटलं.

"तुमाला कशाला तरास, सर. तुमी कुत्र्यायच्या मागं असता," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. खरंच त्यांना तसं वाटत होतं.

काकांना पुढे काही झालं नाही. माझ्या सुदैवाने, त्यांच्याही.

आता कुत्राविरोधी मंडळी खूश व्हायच्या आत त्यांच्यासाठीही दोन ओळी. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस झालेली कुत्री, रेबीजची किंवा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडायला सांगितली, तेव्हा आमच्या लोकांनी पेढे वाटले. त्या अकरा दिवसांत माझ्या फोनवर कुत्र्याच्या तोंडून लिहिलेल्या निदान वीस कविता आल्या. एकाही कवितेत लस नव्हती. तुमच्या संतापात तरी कुठे होती? शेल्टर किती आहेत, त्यांत जागा किती, कुत्र्यामागे रोजचं खाणं किती, हा हिशोब तुम्हीही मांडत नाही. तुमची गोष्टही गाडी कुत्री घेऊन गेली की संपते. तुमचंही गाढव वाळूतच राहतं, फक्त तुम्ही त्याला पाणी पाजत नाही एवढाच फरक.

असो. साच्याबद्दलची मुख्य तक्रार अजून राहिलीच. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्याच्या गोष्टीचा सर्वांत खरा शेवट दत्तक जाणं नसतो, परत सोडणं असतो. नियमच तसा आहे. 2001 सालचे नियम होते, आता 2023 चे आहेत. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. जागा रिकामी केली तर बाहेरची, लस न झालेली कुत्री तिथे येतात, हे त्यामागचं साधं कारण. मी अशा एका केंद्राच्या गाडीबरोबर एक सकाळ फिरलोय. जाळी टाकणाऱ्या भाऊंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चावल्याच्या खुणा होत्या. दुपारी त्यांनी एका रस्त्याच्या कडेला पिंजऱ्याचं दार उघडलं. आतली भुरी कुत्री पाच-सात सेकंद बसूनच राहिली. मग उतरली, गाडीचं चाक हुंगलं, आणि मागे न बघता चहाच्या टपरीमागे निघून गेली. भाऊंनी वहीत खूण केली. बस. कुणी रडलं नाही, कुणी धावत येऊन मिठी मारली नाही. मी फोन बाहेर काढला होता, तो तसाच परत ठेवला, कारण त्यात शूट करण्यासारखं काही नव्हतं.

ती कुत्री आमच्या कोणाच्याही कथेत नाही. ती आभार मानत नाही ना!

गंमत म्हणजे मराठी गद्याची सुरुवातच जिथे मानली जाते त्या तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त एक ससा आहे. मागे शिकारी कुत्री लागलेला तो ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपतो. ते पारध्यांना हाकलत नाहीत की शाप देत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, आणि पारधी गेल्यावर मांडी उचलून सशाला जायला सांगतात. जवळ ठेवत नाहीत, नाव ठेवत नाहीत. सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे 'परत सोडणं' लिहिता येत होतं, आणि मारणाऱ्याशी बोलणंही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'मध्ये तर वाचवणं नावाचा प्रकारच नाही. वानरांच्या टोळीत सत्ता बदलते, पिल्लं मारली जातात, लेखक बघत राहतो. विलास मनोहरांच्या 'नेगल'मध्ये हेमलकशाला वाढवलेले वन्य प्राणी आहेत, तिथे माया आहे आणि नखंही आहेत. हे सगळं घरात असताना आम्ही उगवत्या सूर्याचं मुखपृष्ठ कुठून आणलं?

प्राण्याला वाचवणं म्हणजे काय यावर एकमत नसतं, हेही आमच्या कथांना माहीत नाही. 2025 च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणी मठातून महादेवी हत्तीण जामनगरच्या वनताराला नेली तेव्हा नेणारे म्हणत होते आम्ही तिला वाचवतोय, आणि मिरवणुकीत रडणारे, नंतर कोल्हापूरला मोर्चा काढणारे म्हणत होते तिला वाचवा. दोघेही वाचवतच होते. त्यावर एक कादंबरी लिहिणारा मला हवाय, ज्याला आधीपासून उत्तर माहीत नाही असा. मी ती लिहिणार नाही, मला हत्तीतलं काही कळत नाही.

आता मागच्या फेब्रुवारीतला मेसेज. हा लेख त्यामुळे लिहितोय, इतका वेळ टाळत होतो.

बाणेरमधल्या एका जोडप्याने 'राणी' वाचून एक इंडी पिल्लू दत्तक घेतलं होतं. दोघंही आयटीतले, माझ्याच वयाचे. घेतलं तेव्हा त्यांनी फोटो पाठवला होता, मी तो स्टेटसला ठेवला होता, खाली लिहिलं होतं, 'शब्दांनी एक घर दिलं.' (हो, मी हे लिहिलं होतं.) चार महिन्यांनी मेसेज आला. पिल्लू सोफा खातंय, रात्रभर रडतंय, एकटं ठेवलं की घरभर घाण करतं, घरमालक नोटीस देतोय, आणि नवऱ्याला कंपनी सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवतेय. शेवटची ओळ होती: 'तुमच्या कथेतल्यासारखं काहीच होत नाहीये. तुम्ही ठेवू शकाल का?'

माझ्या घरमालकानेही कुत्रं ठेवायला मनाई केलीय. मी ग्रुपवर पोस्ट टाकली, चार ठिकाणी फोन केले, शेल्टर भरलेलं होतं, फॉस्टर मिळेना. मी त्यांना म्हटलं, पंधरा दिवस थांबा. ते नऊ दिवस थांबले. मग त्यांनी पिल्लाला, म्हणजे आता सहा महिन्यांच्या कुत्र्याला, बालेवाडीतल्या एका सोसायटीबाहेर सोडलं, जिथे फीडर आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. घरात वाढलेलं कुत्रं दुसऱ्या टोळीच्या हद्दीत. मी तीन संध्याकाळी तिथे जाऊन हाका मारल्या. त्यांनी त्याचं नाव काय ठेवलं होतं माहितीय? राजा. माझ्या पुस्तकावरून. मोकळ्या रस्त्यावर 'राजा, राजा' ओरडत फिरणाऱ्या माणसाकडे लोक बघतात. तिसऱ्या दिवशी एका टपरीवाल्याने सांगितलं की पट्टा घातलेलं एक कुत्रं होतं, बाकीच्यांनी फाडलं, मग दिसलं नाही.

त्या जोडप्यावर मी रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. पण दत्तक घेण्याबद्दल त्यांना जे काही माहीत होतं ते त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, आणि माझ्या दोनशे चौदा पानांत कुत्रं एकदाही सोफा खात नाही. त्याला जंताचं औषध द्यावं लागत नाही. एकटं राहायला शिकवावं लागत नाही. कुलकर्णीबाईंना घरमालक नाही, ऑनसाइट नाही. मी अपयशाची वाट लिहिलीच नव्हती, आणि ती दोघं नेमकी त्याच वाटेने गेली. ऑफिसात याला प्रॉडक्शन बग म्हणतात, आणि ज्याचं कोड त्याने रात्री उठून निस्तरायचं असतं. इथे निस्तरायला काही उरलं नव्हतं.

पुस्तक मी मागे घेतलं नाही. घ्यावं असं आधी वाटलं, पण ते म्हणजे पुन्हा स्वतःचाच चेहरा धुणं झालं असतं. शेवटचा भाग बदलला. आता लंगडी लंगडीच आहे आणि बाराव्या दिवशी तिच्या नाकातून पू येतो. मानधनाची ओळ काढली. नवीन आवृत्ती आल्यापासून तीन एक-तारा अभिप्राय आलेत. त्यातल्या एकीने लिहिलंय की पैसे परत द्या, माझी मुलगी दोन तास रडत होती. तिला काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणू शकत नाही. पण मुलीला खोटं सांगायचं काम माझं नव्हतं एवढं मात्र म्हणेन.

वॉचमनच्या प्रकरणातले पिवळे दात आणि दारूही काढली. त्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप घातला, म्यूट केलेल्या सभासदासकट. काकांना वाचून दाखवू का म्हणून विचारलं. ते रात्रपाळीला होते, खुर्ची माझ्याकडे सरकवून स्वतः स्टुलावर बसले. त्यांच्या केबिनच्या आडोशाला आता भात ठेवत नाही आम्ही, गेटपलीकडे डीपीजवळ ठेवतो. मी फोनवरून सात-आठ पानं वाचली. मध्ये दोन गाड्या आल्या, त्यांनी उठून गेट उघडलं, नंबर लिहिला, परत येऊन बसले.

वाचून झाल्यावर जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते इंजेक्शनचं लिवलं. बदली कोन आला नाय ते नाय लिवलं."

मी म्हटलं, तेही लिहितो.

"एजन्सीचं नाव नका घालू पण," ते म्हणाले, आणि तिसऱ्या गाडीसाठी उठले.